‘फायनल’ नावाची फाइल दर वेळी चुकीचीच का छापली जाते?

मे महिन्यातली दुपार. पुण्यात नवी पेठेतल्या माझ्या झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानात रांग लागलेली. बी.ई.ची एक मुलगी पेन ड्राइव्ह पुढे करून म्हणाली, "काका, अठ्ठ्याहत्तर पानं, चार कॉप्या, हार्ड बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. उद्या दुपारपर्यंत होईल ना?" पेन ड्राइव्ह लावला. आत जे दिसलं ते जसंच्या तसं देतो:

रिपोर्ट फायनल
रिपोर्ट फायनल (१)
रिपोर्ट फायनल सरांनी बघितलेली
न्यू रिपोर्ट फायनल फायनल
रिपोर्ट लास्ट

"यातली कुठली गं?"

ती माझ्या स्क्रीनकडे वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "जिच्यावर आजची तारीख असेल ती."

तारखेनं क्रम लावला. ‘रिपोर्ट फायनल (१)’ सगळ्यात वर आली, आज सकाळची वेळ. तीच छापली. ३१२ पानं, बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, सगळं वेळेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. तिसरं प्रकरण जुनंच होतं आणि गाइडच्या नावातली चूक जशीच्या तशी.

हे एकदा झालं असतं तर लिहायला बसलो नसतो. दर सबमिशनला चार-पाच जणांचं असंच होतं. अभ्यासिकांतली एमपीएससीची मुलं येतात, त्यांचंही वेगळं नाही. फक्त रिपोर्टऐवजी नोट्स असतात. तक्रारी ठरलेल्या: फाइल सापडत नाही, सापडते ती जुनी असते, पाठवलेली उघडत नाही, पोर्टल घेत नाही. कारणं चार-सहाच आहेत, आणि बहुतेक नावातच आहेत. पुढची उदाहरणं वाचायला सोपी जावीत म्हणून मी नावं देवनागरीत लिहितोय. तुम्ही मशीनवर टाकताना ती रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाका. का, ते पुढे येईलच.

आजची तारीख कशी फसवते

त्या मुलीचं नेमकं काय झालं ते नंतर आम्ही दोघांनी बसून शोधलं. खरी शेवटची फाइल होती ‘न्यू रिपोर्ट फायनल फायनल’, आदल्या रात्री दीड वाजता सेव्ह केलेली. सकाळी ग्रुपमधल्या एका मित्रानं विचारलं, "रिपोर्ट आहे का?" तिनं चॅटमध्ये वर जाऊन आठवड्यापूर्वी टाकलेली फाइल बघायला म्हणून लॅपटॉपवर डाउनलोड केली. डाउनलोड झाल्या क्षणी त्या जुन्या फाइलवर आजची तारीख बसली.

विंडोजमध्ये ‘बदलल्याची तारीख’ म्हणून जी दिसते ती साध्या कॉपी-पेस्टनं बदलत नाही. लॅपटॉपवरून पेन ड्राइव्हवर टाकलं तरी जुनीच राहते. पण व्हॉट्सॲप वेबवरून किंवा मेलमधून उतरवलेल्या फाइलवर उतरवल्याची वेळ येते, आत मजकूर गेल्या वर्षीचा का असेना. शिवाय नुसती उघडून एक स्पेस देऊन सेव्ह केलं तरी तारीख पुढे सरकते. म्हणजे ती तारीख फाइलला शेवटचा हात कधी लागला एवढंच सांगते. मजकूर ताजा की शिळा हे तिला ठाऊक नसतं.

आणि तो ‘(१)’? मुलांना वाटतं ती आवृत्ती आहे. नाही. त्याच नावाची फाइल डाउनलोड्समध्ये आधीपासून पडलेली असली की ब्राउझर दुसरीला स्वतःहून कंसात आकडा लावतो. कंसातला आकडा मोठा, म्हणजे त्या नावाची फाइल तुम्ही त्याआधी तितक्या वेळा उतरवलीत. ‘(७)’वाली फाइल सगळ्यात नवी म्हणून छापून नेलेला एक इसम मला माहीत आहे.

उपाय एकच, तारीख नावात लिहा. ती तुम्ही स्वतः टाइप केलेली असते, मशीन ती परस्पर बदलत नाही. लिहायची ती वर्ष, महिना, दिवस अशा क्रमानं: ‘२०२५-०४-१७’. आपल्याला १७-०४-२०२५ असं लिहायची सवय, पण तसं लिहिलं की नावानुसार लावताना ०१-१२-२०२४ ही ०२-०१-२०२४ च्या आधी येते. मशीन डावीकडून वाचतं, त्याला वर्ष शेवटी आहे हे कळत नाही. वर्ष पुढे घेतलं की नावाचा क्रम आणि काळाचा क्रम एक होतो. ही माझी टूम नव्हे, आयएसओ ८६०१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून हेच सांगतंय. तिरकी रेघ घालून १७/०४/२०२५ लिहायला गेलात तर विंडोज घेणारच नाही. नावात तिरक्या रेघा, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण, कोनकंस आणि उभी रेघ चालत नाहीत. ‘युनिट २: नोट्स’ मधला तो दोन टिंबांचा अपूर्णविराम तिथेच अडतो.

‘फायनल’, ‘न्यू’, ‘लास्ट’, ‘आजचं’

दुकानाच्या गल्ल्यामागे आमच्या वडिलांनी लावलेली पाटी अजून आहे, ‘आज रोख, उद्या उधार’. पाटी गेल्या तीस वर्षांत बदलली नाही, कारण ती रोज खरी असते. ‘फायनल’ हा शब्दही तसाच ‘आज’वर टेकलेला, पण त्याचं उलटं. ज्या क्षणी लिहिला त्या क्षणी खरा होता, सरांनी लाल पेन उचललं की खोटा झाला. पण नावावरून तो काही पुसला जात नाही, मग पुढच्याला ‘फायनल फायनल’ म्हणावं लागतं. ‘न्यू’चं तसंच. जून महिन्यातलं ‘न्यू’ डिसेंबरात सगळ्यात जुनं असतं.

‘सोमवारचं लेक्चर’ अशा नावाची फाइल परवा एकानं आणली. कुठला सोमवार? आठवड्याच्या वारांवर नावं ठेवून पेठा चालल्या, फाइली चालणार नाहीत.

तेव्हा नाव देताना ज्यात ‘आत्ता’ दडलेला आहे असे शब्द टाळा. त्याऐवजी आवृत्तीचा आकडा: ‘आ०१’, ‘आ०२’, इंग्रजीत टाकायचं तर व्ही घालून. सरांनी बघून सही केली असेल तर तेही लिहायला हरकत नाही, पण आकडा आणि तारीख सोबत हवीच: ‘बीईप्रोजेक्ट_रिपोर्ट_आ०६_२०२५-०४-१७’. सर पुन्हा काही बदलायला सांगतील तेव्हा आ०७. सर सांगतातच.

आकड्यापुढे शून्य का? तुमच्या विंडोजमध्ये २ नंतर १० येतो, कारण विंडोज एक्सप्लोरर आकडे आकडे म्हणून वाचतो. कॉलेजच्या लिनक्स लॅबमध्ये किंवा पीडीएफ जोडायच्या बऱ्याच साधनांत तसं नसतं. तिथे १, १०, ११, २ असा क्रम लागतो. युनिट एक ते सहा असेल तर फारसं बिघडत नाही, पण बारा प्रॅक्टिकल्स एकत्र जोडून छापायला दिलेली जर्नल्स मी बघितली आहेत, पहिल्या प्रॅक्टिकलनंतर दहावं. सर्टिफिकेट कुठे, इंडेक्स कुठे. ०१, ०२ लिहा, प्रश्न मिटला.

मग नावात काय काय घालायचं

मी मुलांना एवढंच सांगतो: ही फाइल माझ्या काउंटरवर, माझ्या मशीनवर, तुम्ही समोर नसताना उघडायची आहे असं धरून नाव ठेवा. मला ती न उघडता कळली पाहिजे. विषय, काय आहे, कितवं, तारीख. बस.

‘एमथ्री_युनिट०२_नोट्स_२०२५-०८-१४’
‘डीएसए_असाइनमेंट०३_रोल४७_२०२५-०९-०२’
(एमथ्री म्हणजे तिसरं गणित, डीएसए म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स अँड अल्गोरिदम्स.)

सरांना पाठवायची असेल तर रोल नंबर घाला. वर्गातल्या सत्तर जणांनी ‘असाइनमेंट ३’ नावाच्या सत्तर फाइली पाठवल्या तर सरांच्या डाउनलोड्समध्ये काय होत असेल याचा विचार करा. तुमची ‘असाइनमेंट ३ (४१)’ झालेली असते. विषय पुढे ठेवायचा की तारीख, यावर लोक वाद घालतात. अभ्यासाच्या फाइलींना विषय पुढे, रोज येणाऱ्या गोष्टींना तारीख पुढे, असं मी मानतो. एमपीएससीवाल्यांच्या चालू घडामोडी ‘२०२५-०७_चालूघडामोडी’ अशाच ठेवाव्यात, महिने आपोआप ओळीत बसतात.

जुन्या प्रश्नपत्रिकांबाबत मात्र एक जास्तीचा शब्द हवाच, पॅटर्न. आपल्या पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगमध्ये २०१५ पॅटर्न, २०१९ पॅटर्न, २०२४ पॅटर्न असे आहेत; विषयाचं नाव तेच, आतला अभ्यासक्रम बदललेला. नुसतं ‘एमथ्री पेपर’ लिहून ठेवलं की परीक्षेच्या आदल्या रात्री जुन्या पॅटर्नचा पेपर सोडवत बसता. तसंच इनसेम (सत्राच्या मधला) की एंडसेम (सत्राच्या शेवटचा). ३० मार्कांचा पेपर आणि ७० मार्कांचा पेपर यांची नावं सारखी ठेवण्यात काय हशील? ‘एमथ्री_पॅ२०१९_एंडसेम_२०२३-०५’ असं लिहिलं तर कुणाला विचारावं लागत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे तिथेही ‘जुनी’ आणि ‘वर्णनात्मक’ हे नावात यायला हवं, कारण ‘जीएस १’ (सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर) एवढ्यानं आता भागत नाही.

संक्षेप एकदा ठरवा आणि तोच वापरा. पुणे विद्यापीठ (यूओपी) २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ (एसपीपीयू) झालं, त्याआधीचे पेपर लोकांनी ‘यूओपी’ म्हणून साठवलेत आणि नंतरचे ‘एसपीपीयू’ म्हणून. एक शोधलं की दुसरे सापडत नाहीत आणि मुलं म्हणतात, "काका, जुने पेपर कुठेच मिळत नाहीत."

एक अपवाद. कोडच्या फाइलींना असली नावं देऊ नका. जावामध्ये पब्लिक क्लासचं नाव आणि फाइलचं नाव एकच असावं लागतं. तारीख चिकटवली की कंपाइलर ओरडतो. शिवाय विंडोजला मोठं आणि लहान अक्षर सारखं, लिनक्सला नाही, त्यामुळे घरी चाललेला प्रोग्रॅम लॅबमध्ये फाइल सापडत नाही म्हणतो. कोडसाठी गिट हे आवृत्त्या सांभाळणारं साधन शिका, पहिल्याच वर्षी.

‘पीआरएन’ नावाचा फोल्डर होतच नाही

हा किस्सा माझा आवडता. एक मुलगा आला, अगदी रडकुंडीला. परीक्षेचा फॉर्म, फी पावती, मार्कशीट सगळं एका फोल्डरमध्ये ठेवायचं होतं. फोल्डरला नाव देत होता ‘पीआरएन’, अर्थात इंग्रजी तीन अक्षरांत. आपल्याकडे प्रत्येकाला परमनंट रजिस्ट्रेशन नंबर असतो, त्यामुळे नाव अगदी साहजिक. विंडोज म्हणे, दिलेलं डिव्हाइसचं नाव चुकीचं आहे. त्याला वाटलं लॅपटॉपला व्हायरस लागला. कुणीतरी फॉरमॅट मारायचा सल्लाही देऊन ठेवला होता.

व्हायरस नाही, वारसा आहे. विंडोजच्या आधीच्या, १९८१ च्या डॉसमध्ये पीआरएन म्हणजे प्रिंटर. त्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर ही भानगडच नव्हती, ते १९८३ मध्ये आले. म्हणून उपकरणांची नावं सगळीकडे राखीव ठेवली: पीआरएन प्रिंटरसाठी, सीओएन स्क्रीन-कीबोर्डसाठी, एयूएक्स, एनयूएल, सीओएम १, एलपीटी १ वगैरे. विंडोज ती अजून पाळतं. तेव्हा आमच्या पोरानं फोल्डरचं नाव ‘प्रिंटर’ ठेवायला घेतलं होतं, तेही प्रिंटच्या दुकानात उभं राहून. सिव्हिलवाल्या एका मुलीचा ‘सीओएन’ फोल्डर असाच अडला होता, काँक्रीटचा.

उपाय दोन सेकंदांचा. पुढे-मागे काहीही जोडा: ‘माझा_पीआरएन’, ‘पीआरएन_कागदपत्रं’. टिंबाच्या आधीचं अख्खं नाव तेवढंच नसलं की झालं.

मराठीत नाव दिलं तर?

द्या, पण कुठे द्यायचं ते बघून. स्वतःच्या लॅपटॉपवर, फोनवर, ड्राइव्हवर देवनागरी नावं आज छान चालतात. बाहेर जाणाऱ्या फाइलीला मात्र रोमन. अपलोडची काही पोर्टलं रोमन अक्षरं आणि आकडे सोडून दुसरं काही घेत नाहीत, आणि चूक काय तेही सांगत नाहीत.

त्याहून गमतीचा घोळ आतला आहे. एका मुलीच्या लॅपटॉपवर ‘ॲसाइनमेंट’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी होते. एकाच नावाचे दोन फोल्डर विंडोज होऊ देत नाही, मग हे कसे? कारण ‘ॲ’ दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक म्हणजे अख्खं स्वतंत्र अक्षर. दुसरा म्हणजे ‘अ’, त्यामागे एक न दिसणारी जोडखूण, आणि वर चंद्र. फोनचा कीबोर्ड एक देतो, लॅपटॉपचा दुसरा. डोळ्याला सारखं, मशीनला वेगळं. अर्धं काम एकात, अर्धं दुसऱ्यात. ‘दुसऱ्या’, ‘सुट्ट्यांच्या वाऱ्या’ मधल्या त्या अर्ध्या ‘ऱ’चंही तेच, आत्ता मी लिहिलेल्या ‘तऱ्हांनी’ मध्येही. शोध घेतलात आणि सापडलं नाही तर तो शब्द सोडून नावातल्या दुसऱ्या शब्दानं शोधा. आणि मी वरच्या उदाहरणांत ‘असाइनमेंट’ साधा अ घालून का लिहिलं ते आता लक्षात आलं असेल.

लांबीचंही बघा. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ आटोपला. प्रकल्पाचं अख्खं शीर्षक नावात घालणारे इथे सापडतात.

आणि नोट्स श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर नाव कितीही चांगलं ठेवा, आतला मजकूर शोधता येणार नाही. तिथे मशीनच्या लेखी रोमन अक्षरंच आहेत, वर फक्त मराठीचा मुखवटा. युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, जमेल तेवढं.

फाइल आहे, उघडत नाही

बहुतेक वेळा शेपूट तुटलेलं असतं. नावाच्या शेवटी टिंबानंतरचं ‘पीडीएफ’, ‘डॉकएक्स’ हे प्रकार सांगतं. फोनवर नाव बदलताना सगळं पुसून नवं लिहिलं की तेही जातं, आणि मग माझ्या मशीनला ती कशानं उघडायची हे कळत नाही. परत जोडा, उघडेल. विंडोज हे शेपूट मुळात लपवूनच ठेवतं; एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मध्ये जाऊन दाखवायला सांगा. नाहीतर तुम्ही हातानं ‘पीडीएफ’ लिहिता आणि नाव ‘रिपोर्ट.पीडीएफ.पीडीएफ’ होतं. वर व्हायरसवाले याच लपवण्याचा फायदा घेतात, ‘हॉलतिकीट.पीडीएफ.ईएक्सई’ अशी फाइल पाठवून.

शेपूट बदलल्यानं फाइलचा प्रकार बदलत नाही, हेही सांगायला लागतं. वर्डच्या फाइलचं नाव बदलून पीडीएफ केलंय आणि "काका, पीडीएफ आहे, तुमचंच मशीन खराब" असं ऐकवणारे आहेत. वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’ मध्ये जाऊन पीडीएफ निवडावं लागतं.

कॉपी होताना किंवा झिप सोडताना ‘पाथ फार लांब’ अशी तक्रार आली तर दोष एका नावात नसून साखळीत असतो. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेवटापर्यंत साधारण २६० अक्षरांची जुनी मर्यादा अजून बऱ्याच प्रोग्रॅमना लागू आहे. डेस्कटॉप, त्यात न्यू फोल्डर, त्यात न्यू फोल्डर (२), त्यात झिपनं केलेला फोल्डर, त्यात त्याच नावाचा आणखी एक. फोल्डर उचलून थेट डी ड्राइव्हवर ठेवा, मग सोडा.

झिपच्या आतली फाइल न सोडता थेट उघडून तासभर काम करू नका. ती तात्पुरती प्रत असते, तुमचे बदल झिपमध्ये जात नाहीत. मेलमधून थेट उघडलेल्या फाइलीचंही तेच, बदल कुठल्यातरी टेम्पररी फोल्डरात किंवा डाउनलोड्समध्ये राहतात. आधी जागेवर ठेवा, नाव द्या, मग उघडा.

डेस्कटॉपवरच्या फाइलीवर ढगाचं चिन्ह दिसत असेल तर ती लॅपटॉपवर नाहीच, वनड्राइव्हवर आहे. नेट नसताना पेन ड्राइव्हवर घेता येणार नाही. फुकट जागा ५ जीबी, भरली की सिंक थांबतं आणि मुलांना ते महिनाभर कळत नाही.

फोल्डर किती

कमी. सेमिस्टर, त्यात विषय, त्यात फाइली. तीन पायऱ्यांच्या खाली उतरायची वेळ आली तर नावं नीट ठेवलेली नाहीत असं समजा. ‘सेम०५’ मध्ये पाच-सहा विषय, एक ‘कागदपत्रं’, आणि प्रत्येक चालू कामाच्या फोल्डरमध्ये एक ‘जुनं’.

हा ‘जुनं’ फोल्डर महत्त्वाचा. नवी आवृत्ती केली की आधीची उचलून आत टाकायची, त्यामुळे बाहेर नेहमी एकच रिपोर्ट दिसतो. काउंटरवर "कुठली गं?" हा प्रश्न उरत नाही. पुसून टाकू नका, सरांना अचानक दुसऱ्या प्रकरणातला काढून टाकलेला परिच्छेद आवडू शकतो.

गूगल ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या कितीही फाइली राहू शकतात, तो अडवत नाही. ग्रुप प्रोजेक्टमध्ये चौघांनी आपापली ‘रिपोर्ट’ टाकली की चार ‘रिपोर्ट’ दिसतात. अपलोड करताना तो विचारतो, जुनी बदलू की दोन्ही ठेवू, बदलायला सांगा. जुन्या आवृत्त्या तो मागे ठेवतो, पण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या एवढ्यापुरतंच, कायम हवी असेल तर तिथे तसं निवडावं लागतं. कचऱ्यात टाकलेलंही ३० दिवसांनी जातं. आणि कॉलेजनं दिलेल्या अकाउंटवर सगळं ठेवलं असेल तर पास होण्याआधी स्वतःच्या अकाउंटवर आणून ठेवा.

आधीच झालेला पसारा

बसून सगळं आवरायला जाऊ नका, दिवाळीच्या साफसफाईसारखं होतं: माळा रिकामा आणि घरभर सामान. ‘२०२५_आधीचं’ असा एक फोल्डर करा, सगळं उचलून त्यात लोटा. आजपासून येणाऱ्या फाइलींना नीट नाव. जुन्यातलं जे लागेल ते बाहेर काढताना नाव बदलून घ्या. सहा महिन्यांत जे लागलं नाही ते कळेलच.

एकामागून एक नावं बदलायची तर विंडोजमध्ये एफ २ दाबा, नाव लिहा, एंटरऐवजी टॅब दाबा; थेट पुढच्या फाइलीचं नाव उघडतं. वीस फाइली पाच मिनिटांत होतात. शंभर असतील तर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज हे फुकट साधन उतरवून घ्या, त्यातलं पॉवररीनेम एकगठ्ठा बदलतं.

हस्तलिखित नोट्सचे फोटो ‘आयएमजी’, तारीख, ‘डब्ल्यूए’ आणि आकडा अशा नावानं येतात. छापायच्या असतील तर मित्राला सांगा, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, आणि पेन्सिलनं लिहिलेलं माझ्या प्रिंटवर उमटतच नाही.

दुकानात येताना

पीडीएफ आणा. वर्डची फाइल माझ्या मशीनवर उघडली आणि तुमचा फॉन्ट इथे नसला की पानं सरकतात, अनुक्रमणिका चुकते. पेन ड्राइव्हवर फक्त छापायची फाइल ठेवा. आणि मी विचारायच्या आत उघडून तीन पानं बघा: मुखपृष्ठ, सर्टिफिकेट, आणि ज्या पानावर शेवटची दुरुस्ती केली ते पान.

त्या मुलीच्या प्रसंगानंतर मी हार्ड बाइंडिंगच्या आधी एक प्रत नुसती छापून हातात देतो, सही करून घेतो, मग पुढच्या तीन. काहींना राग येतो, घाई असते. स्पायरल असेल तर चुकलेली पानं मी उघडून बदलून देतो, फक्त पानांचे पैसे. हार्ड बाइंडिंग एकदा चिकटलं की उघडत नाही.